गंजाचे वैरी

लोखंडाची इतकी काळजी वाहणारा माणूस लोहारांतही सापडणार नाही, असे आमच्या व्याह्यांबद्दल माझे प्रामाणिक मत आहे. त्यांची सारी नोकरी डोंबिवलीच्या एमआयडीसीत, गंजरोधक रंग बनवणाऱ्या कारखान्यात गेली. निवृत्तीनंतर माणसे देवाला लागतात, हे ग्रिलांच्या मागे लागले. आमच्या मुलीच्या लग्नाच्या बैठकीला ते कळव्याला आले तेव्हा मानपानाची बोलणी चालू असताना मधेच उठून गॅलरीत गेले, नखाने ग्रिल खरवडले आणि परत येऊन म्हणाले, "मुलगी आम्हाला पसंत आहे. ग्रिल मात्र घासून घ्या." नवरात्रात ठाण्याच्या टेंभी नाक्याला देवीच्या रांगेत आधी मांडवाचा लोखंडी खांब तपासून झाला, मग त्यांनी हात जोडले. पिशवीत पॉलिश पेपर आणि छोटा ब्रश कायम. पहिल्या दिवाळीला आमचे ग्रिल घासल्याशिवाय ते फराळाला बसले नाहीत. मीही हौसेने ब्रश चालवला, तर माझा सगळा रंग त्यांनी फडक्याने पुसून काढला. "अहो, इतका जाड हात नका मारू. वरून छान दिसतो, पण आत सुकत नाही आणि पापुद्रे सुटतात. हात पातळ हवा." विहीणबाई आतून म्हणाल्या, "तुम्ही मनावर घेऊ नका, भाऊ. माझी पोळीसुद्धा यांना जाड वाटते."

अशा माणसाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस नशिबी आले. जावयाला ऑफिस असते, म्हणून गुरुवारी मी डोंबिवलीला जाऊन त्यांच्या शेजारी बसतो. तिथेही त्यांनी पहिल्याच दिवशी पलंगाचे पाय वाकून पाहिले आणि सिस्टरला नाराजी कळवली. सुया टोचण्यासाठी त्यांच्या डाव्या हातातल्या रक्तवाहिन्या जोडल्या आहेत, तिथे बोट ठेवले की बारीक थरथर लागते. येईल त्याला ते हात पुढे करून सांगतात, "बघा, मोटर चालू आहे." मला सुरुवातीला तिथे बोट ठेवायची भीती वाटायची.

एकदा त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारले, की मशीन रक्त स्वच्छ करते तर थकवा का जात नाही. ती मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. म्हणाली, "काका, आजारामुळे आणि या मशीनमुळेही शरीरात ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वाढतो, म्हणजे ऑक्सिजनच पेशींना आतून खायला लागतो. त्याला थोडंफार रोखणारं सी व्हिटॅमिन मशीनमधून धुऊन जातं, आणि पोटॅशियममुळे फळं तर तुम्हाला बंदच केलीयेत."

व्याही ताडकन मान वर करून म्हणाले, "म्हणजे गंज?"

"तसंच समजा. एक लहान गोळी देते, डायलिसिस झाल्यावर घ्यायची. गंज थांबेलच असं मी छातीठोकपणे नाही सांगणार हं, पण कमी पडतंय ते भरून निघेल."

जन्मभराचा वैरी आपल्याच अंगात शिरला, हा अपमान त्यांना दिवसभर सलत होता. मग मात्र त्यांना हुरूप आला. चेहऱ्यावर कारखान्यातली जुनी ऐट दिसू लागली. पुढे एका गुरुवारी त्यांनी डॉक्टरीणबाईंना मोठ्या अभिमानाने सांगितले, "तुमचा डोस फार कंजूष होता. मी जास्त पॉवरच्या गोळ्या आणल्या. सकाळी, दुपारी, रात्री. गंजाला असाच हात लागतो."

तिने हातातले पेन खाली ठेवले. "काका, किडनी चालू असती तर जास्तीचं लघवीतून गेलं असतं. तुमचं कुठे जाणार? त्याचा ऑक्झलेट नावाचा क्षार बनतो आणि तो आतच साठतो. हाडांत, रक्तवाहिन्यांत, हृदयातसुद्धा. आजच बंद करा. मी रक्त तपासायला पाठवते."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी हळूच म्हणालो, "हात जाड झाला, व्याही."

"झाला खरा," ते म्हणाले. थोड्या वेळाने छताकडे बघत पुटपुटले, "मला अजून थोडी वर्षं हवी होती हो." एरवी त्यांची थट्टा करणारा मी त्या दिवशी त्यांच्या पायांवरची चादर नीट करत बसलो.

नशिबाने फारसे साठले नव्हते. आता डायलिसिस झाले की ते तेवढी एकच लहान गोळी घेतात, तीर्थ घ्यावे तशी. पण माणूस वाळत चालला आहे, हे आम्हा सगळ्यांना दिसते आणि कोणी बोलत नाही.

यंदा पाऊस संपल्यावर ते हट्टाने कळव्याला आले. गॅलरीत स्टुलावर बसून, मधे मधे दम खात, उजव्या हाताने त्यांनी आमचे ग्रिल रंगवले. मग ब्रश टर्पेंटाइनमध्ये धुतला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि माझ्यापुढे धरला.

"हे काय? तुमच्याकडेच राहू द्या, पुढच्या वेळी लागेल."

"पुढच्या वेळी मी आलो तर मी मारीन. नाही आलो तर तुम्ही मारा. पण हात पातळ ठेवा."

मला तो ब्रश घेववेना. मी त्यांच्या डाव्या हातावर अलगद बोटे ठेवली. त्यांनीही हात काढून घेतला नाही.

"चालू आहे ना?" त्यांनी विचारले.

"चालू आहे," मी म्हणालो, आणि बोटे तशीच राहू दिली.