लेक आल्याशिवाय नवं नाही

शरयूबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते देवीच्या जत्रेत, आणि तेव्हा त्या परदेशात नोकरी मागत होत्या.

२०१४ सालची चैत्रातली जत्रा. ओटी भरून मी एका झाडाखाली घरून आणलेली भाकरीची पुरचुंडी सोडून बसले होते. शेजारी चटई टाकून एक बाई चार-पाच पोरींना समजावत होती. दुबईला घरकाम, राहणं-खाणं फुकट, पासपोर्ट आम्हीच काढून देतो. पोरी एकमेकींच्या खांद्याआडून ऐकत होत्या. तेवढ्यात सुती पातळातल्या, खांद्याला कापडी पिशवी लावलेल्या एक वयस्कर बाई आल्या आणि सरळ त्या चटईवर बसल्या.

"मलाही न्या की दुबईला."

"आजी, तुमचं वय झालं."

"भांडी घासायला वय लागतं होय? उभा जन्म शाळेत पोरं वळली, दोन भांडी नाही घासणार?"

पोरी खुदकन हसल्या. शरयूबाईही हसल्या आणि विचारत सुटल्या. मालकाचं नाव काय? गाव कोणतं? माझा पासपोर्ट माझ्याजवळ राहील का मालकाजवळ? घरी फोन करायचा झाला तर कोणाच्या फोनवरून करू, आणि करताना शेजारी कोण उभं असेल? एकेका प्रश्नाला पोरींचं हसू ओसरत गेलं. "तुम्हाला काय करायचंय एवढं?" चटईवाली खेकसली. "मला जायचंय ना," शरयूबाई म्हणाल्या. चटईवालीने चटई गुंडाळली. पोरी पांगल्या.

बाई तशाच जमिनीवर बसून राहिल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पाणी आहे का हो? हात थरथरतात माझे. दर वेळी." मी तांब्या पुढे केला. पाणी पिऊन त्यांनी माझी चौकशी केली. मॅट्रिक झालेली आहे, घर सांभाळते, घरचा हिशेब ठेवते, असं मी सांगितलं. "मग शनिवारी तलासरीला या," त्या म्हणाल्या. "आमच्या संस्थेत सगळे तळमळीचे आहेत, हिशेबाला कोणी नाही."

तेव्हापासून मी त्यांच्या संस्थेचा जमाखर्च पाहते. आज बाईंना पंचाहत्तर पूर्ण होत आहेत आणि गौरवग्रंथाच्या मंडळींनी मलाही चार ओळी लिहायला सांगितलं. मी लेखिका नाही. पाहिलं तेवढं लिहिते.

तलासरीच्या शाळेत बाईंनी आयुष्यभर मराठी शिकवली. निवृत्तीनंतर त्यांची एक जुनी विद्यार्थिनी परदेशी घरकामाला म्हणून गेली आणि तिचा पत्ताच लागेना. तिला शोधता शोधता बाई या कामात पडल्या. आपल्या भागातून आखातात नेलेल्या मुली, बोटीवर नेऊन अडकवून ठेवलेले आपले खलाशी, यांच्या घरी जायचं, माणूस खरंच नोकरीत आहे की कोंडलेलं आहे ते ओळखायचं, आणि पोलीस, कचेरी, दूतावास यांच्या दारात बसून त्याला परत आणायचं, असं हे काम. ओळखणं हेच त्यातलं अवघड, असं बाई म्हणतात. कारण अडकलेलं माणूस फोनवर "मजेत आहे" असंच सांगतं. बाजूला कोणीतरी उभं असतं.

म्हणून बाईंची एक पद्धत आहे. घरच्यांनी "पोरगी बरी आहे म्हणाली" असं सांगितलं की त्या थांबवतात. "अर्थ नको, शब्द सांगा. ती बोलली तसंच्या तसं." माणसं वैतागतात. मीही सुरुवातीला वैतागत असे. या पद्धतीनेच एक मुलगी घरी आली, ती हकीकत सांगते. मुलीच्या आणि तिच्या आईच्या संमतीने सांगते आहे, नावं बदललेली आहेत.

गंजाडकडच्या एका पाड्यावरची बुधी. तिची लेक सविता दुबईला घरकामाला गेली होती. नेणारा माणूस शेजारच्याच पाड्यावरचा, रमण. चारोटीला त्याचं मोबाइलचं दुकान. सविताचा फोन यायचा तो रमणच्या मोबाइलवर. तो मोटारसायकलने येऊन ओट्यावर बसायचा, स्पीकर लावायचा आणि माय-लेकी बोलत असताना हलायचा नाही. शेजाऱ्याच्या सांगण्यावरून आमच्या संस्थेने पोलिसांत तोंडी तक्रार केली होती. पण दुबईतल्या भारतीय वाणिज्य दूतावासाकडून निरोप आला की अशा नावाची कोणी मुलगी इथे उतरलेलीच नाही. तिथे सगळं अडलं.

आम्ही दोघी गेलो तेव्हा भाद्रपद चालू होता. बुधी आमच्याशी बोलायलाच तयार नव्हती.

"माझी लेक मेली माना," ती म्हणाली. "तिचा फोन मी घेत नाय आता."

"असं काय बोलतेस ग बाई," मी म्हटलं.

"देव इसरली ती. तिकडं जाऊन पैशेवाली झाली."

बाई चुलीपाशी बसल्या. "काय म्हणाली ती? शब्द सांग बुधी."

"काय सांगू? म्हणं, आये, मी मजेत हाय. नवा भात खाल्ला. तुमच्या आधी खाल्ला, पोटभर खाल्ला." बुधीने चुलीत लाकूड सारलं. "देवाला चढवल्याबिगर नवं खाल्लंन, आनी वर हसून सांगतं!"

जाणत्यांना हे सांगायला नको, पण दूरच्या वाचकांसाठी लिहिते. त्या पाड्यांवर शेतात नवं पिकलं की पाड्याची पूजा सांगणारा भगत दिवस ठरवतो. त्या दिवशी प्रत्येक घरात देवाला, वाडवडलांना नवं चढतं आणि मगच घरच्यांच्या तोंडात पडतं. तोवर अगदी उपाशी पोरही नव्या दाण्याला हात लावत नाही. बुधीला आलेला राग खरा होता. माझ्याही घरी नैवेद्याआधी कोणी जेवत नाही, मला तिची बाजू पटली.

बाई मात्र हळूच म्हणाल्या, "बुधे, दुबईला वाळू आहे. तिथे भात पिकतो का ग?"

बुधीने नाही म्हणून मान हलवली.

"मग कुठला नवा भात खाल्ला तिने?"

बुधीच्या हातातलं पळसाचं पान खाली पडलं. ऐकणाऱ्याला बढाई वाटेल आणि आईला कळलंच पाहिजे, असं एकच खोटं त्या पोरीला सुचलं होतं. आणि आईने रागाने फोन घेणं बंद केलं होतं.

"ती देव विसरली नाही," बाई म्हणाल्या. "देवाच्या नावाने हाक मारते आहे."

मग बुधी रडत रडत आणखी एक गोष्ट बोलली. रमण म्हणाला होता, मालकीण सविताला लवकरच दुसऱ्या घरी देणार आहे, मग बरेच दिवस फोन होणार नाही. ते ऐकून बाईंचा चेहरा उतरला. दुसऱ्या घरी गेलेली मुलगी तिसऱ्या घरी जाते, आणि मग सापडत नाही, हे त्या पाहून होत्या.

हवा होता तो फोनचा नंबर. तो रमणच्या मोबाइलमध्ये. तिथला फोन थेट पाड्यावर यायला हवा होता, आणि रमण तिथे असता कामा नये. बाईंनी बुधीला विचारलं, भगताने नव्याचा दिवस ठरवला का? ठरला होता. शेजारच्या पाड्याचाही तोच दिवस, भगत एकच. म्हणजे त्या दिवशी रमणला स्वतःच्या घरी देवापुढे बसावं लागणार.

"रमणला सांग," बाई म्हणाल्या, "लेकीचा आवाज ऐकल्याशिवाय या वर्षी माझ्या घरात नवं चढत नाही. त्या दिवशी तिला शेजाऱ्याच्या फोनवर बोलू दे."

परत येताना जीपमध्ये मी बोलून गेले, "बाई, देवाच्या नावाने खोटं बोलायला लावलंत तिला."

"खोटं कुठे? लेक येईपर्यंत त्या बाईच्या घशाखाली नवं उतरणार आहे का?" त्या म्हणाल्या, "पाप असेल तर माझ्या नावे टाका. तुम्ही खजिनदार आहात."

रमणने आधी आढेवेढे घेतले. पण बुधी हटली नाही. "तुज्या घरी चढंल, माझ्या घरी नाय. देवाला काय सांगू, रमणने अडवला?" माणूस कितीही बिघडला तरी त्याच देवाचं खाऊन वाढलेला. तो घाबरला आणि शेजाऱ्याचा नंबर घेऊन गेला.

त्या दिवशी आम्ही सकाळीच पाड्यावर पोचलो. रमणचं कोणी पाहील म्हणून बाई आणि मी आतल्या खोलीत, कुडाच्या भिंतीआड. फोनला रेंज फक्त अंगणातल्या उंबराखाली मिळायची, तिथे बुधी फोन हातात धरून बसली होती. बाईंनी तिला बजावलं होतं: रडायचं नाही, कुठे आहेस विचारायचं नाही, शिकवलेलं एकच वाक्य बोलायचं. रमणच्या पाड्यावरून पूजेला वाजणाऱ्या तारप्याचा आवाज येत होता. तो थांबला की मला वाटे, झाली पूजा, आला रमण. माझं नामस्मरण चालू होतं, पण खरं सांगते, देवाचं नाव कुठे आणि माझं लक्ष कुठे.

तारपा थांबला. त्याच वेळी फोन वाजला. बुधीने शिकवल्याप्रमाणे स्पीकर लावला.

"आये." आवाज बारीक. मागे कोणीतरी परक्या भाषेत बोलत होतं.

"हां बाय."

"मी मजेत हाय. नवा..."

"आमी नवं खाल्लं नाय अजून," बुधी म्हणाली. आवाज दगडासारखा स्थिर. "तू आल्याबिगर खानार नाय."

फोन कटला की काय असं वाटून मी बाईंचा हात धरला. तो थरथरत होता.

मग ती पोरगी म्हणाली, "बरं आये. मग मी पन नाय खानार."

आणि फोन बंद झाला.

बाई कुडाआडून बाहेर धावल्या. फोनला कोणी हात लावू नका म्हणून ओरडल्या. पडद्यावरचा नंबर मी वाचत गेले, त्या ऐकत होत्या. सुरुवातीचे आकडे ऐकूनच त्या खाली बसल्या. "हा दुबईचा नाही. मस्कतचा आहे." पोरगी दुबईत सापडत नव्हती, कारण ती दुबईत नव्हतीच.

त्याच दुपारी आम्ही पोलीस ठाण्यात होतो. साहेबांनी नंबर घेतला, बाईंनी मस्कतमधल्या आपल्या दूतावासाला स्वतःच्या अक्षरात अर्ज लिहिला. पुढचे दिवस कसे गेले ते आमचं आम्हालाच माहीत. रमणला सुगावा लागला असेल का? पोरीला हलवलं असेल का? बाई जेवताना फोन ताटाशेजारी ठेवत, आंघोळीला जाताना सुनेच्या हातात देत. शेवटी दूतावासातून फोन आला: मुलगी सापडली, आमच्या आसऱ्याच्या जागेत आहे, मालकिणीने पासपोर्ट ठेवून घेतल्यामुळे कागदांना वेळ लागेल. तोवर बुधीच्या घरात नव्या भाताची एक टोपली झाकून ठेवलेली होती. त्यातला दाणा कोणी चाखला नव्हता.

सविता आली ती माघात. बाई बुधीला घेऊन विमानतळावर गेल्या होत्या. मी पाड्यावर स्वयंपाकाला. पोरीच्या मनगटावर भाजल्याचे डाग होते, ती कोणाशी बोलत नव्हती. बुधीने टोपलीतला भात शिजवला, देवाला दाखवला, पहिला घास लेकीच्या तोंडात घातला. तेव्हा पोरगी बोलली. म्हणाली, "आये, हा तर जुना झाला."

"माज्यासाठी नवाच," बुधी म्हणाली.

बाईंच्या पानात भात वाढला तेव्हा त्यांनी डोळे मिटून हात जोडले आणि मग खाल्ला. माझ्याबरोबर स्वयंपाकाला आलेल्या त्यांच्या सूनबाई माझ्या कानात म्हणाल्या, "भाद्रपदापासून सासूबाईंनी घरी नवा तांदूळ तोंडात घातला नाही. विचारलं तर म्हणायच्या, जुना पचायला हलका." मी इतके दिवस समजत होते की ही त्यांची काटकसर. मनोमन खूशही होते.

पुढे एक पत्रकार सविताचा फोटो मागायला आले. बाईंनी पिशवीतून आपलाच शाळेतला जुना फोटो काढून दिला. "हा छापा. मीही एकदा दुबईला जायला निघाले होते." ते हसले आणि चहा पिऊन गेले. कोर्टातलं प्रकरण चालू आहे, म्हणून रमणबद्दल अधिक लिहीत नाही. सविता आता शिवणकाम करते. जत्रेत बाईंच्या शेजारी चटई टाकून बसते, आणि पोरींना ते सगळे प्रश्न तीच विचारते.

या ग्रंथाच्या कामासाठी आम्ही मंडळी परवा बाईंच्या घरी गेलो होतो. बाई सत्काराला नाही म्हणत होत्या, आम्ही आग्रह करत होतो. जेवायला बसवलं. आम्हाला सूनबाईंनी नव्या तांदळाचा वाफाळता भात वाढला. बाईंच्या ताटात वेगळ्या पातेल्यातला होता. इतरांच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं, आणि मी विचारलं नाही. परदेशी कामाला म्हणून गेलेल्या, तलासरीकडच्या दोघी बहिणींचा फोन कधीपासून बंद आहे, ते मला ठाऊक आहे.

गौरव म्हणून बाईंना शाल देऊ, श्रीफळ देऊ, हा ग्रंथ देऊ. पण त्यांना जे हवं आहे ते आमच्या हाती नाही, म्हणून ते मी देवीकडे मागते. आई, शरयूबाईंचे हात असेच थरथरत राहोत आणि थांबू नयेत. त्यांचे डोळे, कान, गुडघे धड ठेव, अजून पुष्कळ पाड्यांवर त्यांना जायचं आहे. शतायुषी कर. आणि त्या दोघींना सुखरूप घरी आण, म्हणजे या वर्षीचं नवं बाईंच्या ताटात पडेल.