काठोकाठ भरलेला कप

जगातली यच्चयावत माणसं मुळात आठच दिवसांची असतात असं ठाम मानणारा एकच माणूस मी पाहिलाय, आणि तो माझ्या शेजारी राहतो. शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावरची आमची जुनी इमारत, तिच्या गॅलरीच्या त्या टोकाला अंकल आणि या टोकाला मी. अंकल बेने इस्रायली, म्हणजे कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या ज्यू तेल्यांच्या वंशातले. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर हत्यारांना धार लावली, आणि रजा टाकटाकून समाजातल्या तान्ह्या मुलग्यांची सुंता केली. मुलगा जन्मला की आठव्या दिवशी अंकलना बोलावणं ठरलेलं. त्यामुळे एखाद्या लग्नात टक्कल पडलेला, सहा फुटी बँक मॅनेजर भेटला तरी अंकलचे डोळे अर्धवट मिटतात आणि ते लांबून कुठूनतरी बोलल्यासारखं म्हणतात, "तू फार रडलास रे बाबा!" तेही त्याच्या बायकोमुलांदेखत. तो बिचारा ताट घेऊन दुसऱ्या रांगेला पळतो.

आपला हात स्थिर आहे की नाही, हे अंकल रोज सकाळी तपासतात. कप काठोकाठ चहाने भरायचा, बशीवर ठेवायचा आणि सगळी गॅलरी ओलांडून माझ्या दारात यायचं. बशी कोरडी पाहिजे. वाटेत कुणी बोलायचं नाही, कुणी कपाला हात लावायचा नाही. एकदा मी भाबडेपणाने मदतीला पुढे झालो तर केवढे खेकसले! "बाजूला हो. उद्या ब्लेड धरल्यावर पण येशील काय धरायला?" दारात पोचले की बशी मला दाखवायची आणि तो गार झालेला चहा माझ्याच खुर्चीत बसून, डोळे मिटून, अर्धा तास प्यायचा. वर्षानुवर्षं माझी सकाळ अशी अंकलच्या चालीने, सावकाश उजाडत आलीय.

मग बदलापूरहून त्यांची लेक बाळंतपणाला आली आणि तिला मुलगा झाला. अंकलनी ब्लेडचं नवं पाकीट आणलं, सुंतेच्या वेळी संदेष्टा एलियाहूसाठी रिकामी ठेवायची खुर्ची पुसून घेतली. आणि तिसऱ्या दिवशी लेक म्हणाली, "पप्पा, सुंता नको. शरीर त्याचं आहे, मोठा झाला की त्याचं तो ठरवेल."

"नाव ठेवताना विचारणार आहेस का त्याला?"

"नाव दुखत नाही पप्पा."

यावरचं उत्तर शोधत अंकल गावभर हिंडले. उल्हासनगरच्या सिंधी कापडवाल्याने सांगितलं, "साईं, हमारे में मुंडन होता है. बाल तो वापस आ जाते हैं." सलूनवाले मुसलमान भाई म्हणाले, "हमारे यहाँ सात साल का भी चलता है अंकल, आठ दिन की क्या जल्दी है?" आठव्या दिवसाला कुणी जल्दी म्हणावं, हे अंकलना भयंकर लागलं. शेवटी मला विचारलं. मी म्हटलं, "मला दोघांचंही पटतं." "मग तुझा काय उपयोग?" म्हणून ते उठून गेले. खरंच काही उपयोग नव्हता.

सहाव्या दिवशी संध्याकाळी लेकच नरमली. बापाचा उतरलेला चेहरा तिला बघवेना. माझ्यादेखत म्हणाली, "बरं पप्पा, करा. पण तुमच्याच हातून. दुसऱ्या कुणाला मी बाळाला हात लावू देणार नाही." अंकल बाळाच्या पायाचा अंगठा धरून नुसते बसून राहिले, तोंडावर असं हसू की जणू समोरच्या डोंगरावरून कुणी हाक मारतंय.

सातव्या दिवशी सकाळी कोवळं ऊन गॅलरीत पडलं होतं. अंकल कप घेऊन निघाले. गॅलरीच्या मध्यावर बशी किणकिणायला लागली. दारात आले तेव्हा निम्मा चहा बशीत होता. सवयीने त्यांनी बशी मला दाखवली.

"कप जास्त भरला बहुतेक," मी म्हटलं.

"रोज एवढाच भरतो," अंकल म्हणाले. मग परत फिरले आणि लेकीला म्हणाले, "तुझं बरोबर आहे बेटा. मोठा झाला की ठरवेल तो."

आठव्या दिवशी खुर्ची मांडली, प्रार्थना झाली, बाळाचं नाव ठेवलं. ब्लेडचं पाकीट उघडलंच नाही. "या वयात केवढे बदलले अंकल!" असं सगळे कौतुकाने म्हणत होते. लेक डोळे पुसत मला म्हणाली, "पप्पांनी माझं ऐकलं हो!" मी मान हलवली. बशीतल्या चहाचं सांगणार कोणत्या तोंडाने? अंकलनी एवढं एकच गुपित मला राखायला दिलंय.

अंकल अजूनही रोज सकाळी येतात आणि कप अजूनही काठोकाठ भरतात. परवा बशी फार वाजायला लागली, तेव्हा मी गॅलरीच्या मध्यापर्यंत गेलो आणि कप त्यांच्या हातातून घेतला. ते खेकसतील म्हणून मी वाट बघत होतो. पण त्यांनी निमूटपणे माझा दंड धरला आणि आम्ही दोघे हळूहळू माझ्या दाराकडे चालायला लागलो.