बोटाला गुंडाळलेला दोरा

त्या जानेवारीत थंडीची लाट आली होती. लातूरच्या रस्त्यांवर माणसं टायर जाळून शेकत बसायची आणि क्लासला निघालेली मुलं कानटोप्या घालून त्या धुरातून जायची. माझी मुलगी त्यांच्यातलीच एक. बारावीनंतर डॉक्टरकीला नंबर लागला नाही, म्हणून ती पुन्हा त्याच परीक्षेला बसणार होती. "आणखी एक वर्ष काढू," हे वाक्य माझं होतं. ती तेव्हा काहीच बोलली नव्हती. गप्प बसणं म्हणजे होकार, असं मी धरून चाललो. माझ्यासारखी मास्तर माणसं असं धरून चालतात.

मग एकदा तिनं आईला फोनवर सांगितलं, "मला झोपच येत नाही." कधीपासून, ते तिलाही सांगता येईना.

मी हदगावहून निघालो. वाटेत बसमध्ये एक भाषण तयार केलं. परीक्षेपर्यंत दम धर, बाकीची मुलंही हेच सोसतात, पुढं आयुष्य पडलंय. मुद्दे क्रमानं होते. तिला तिथं टिकवायचं, एवढंच मनात घेऊन मी चाललो होतो, याची आज लिहितानाही लाज वाटते.

रविवारी सकाळी होस्टेलच्या फाटकाशी ती आईची जुनी शाल पांघरून उभी होती. चेहरा धुतलेला होता, पण डोळे कुठंतरी लांब लागलेले. चहाच्या गाड्यावर तिनं कप दोन्ही हातांत धरला आणि प्यायचा विसरली.

"डोळे मिटले की प्रश्न दिसतात, पप्पा. पर्याय दिसतात. त्यांच्या पुढचं काही दिसत नाही."

मी भाषण सुरू करणार, इतक्यात चाकूरहून माझ्या मेव्हण्याचा फोन आला. बायकोचा हा धाकटा भाऊ हार्डवेअरचं दुकान चालवतो आणि दुकान बंद असलं की मासे धरतो. बहिणीनं त्याला सगळं सांगितलं असावं.

"दाजी, तिला घिऊन इकडं या. तळ्यावर जाऊ. या गारठ्यात मरळ धरायची म्हंजे गंमत हाय."

"अरे, तिची उद्या टेस्ट आहे."

"टेस्ट काय पळून चालली का? या तुम्ही."

मी फोन तिच्याकडं दिला. तिनं ऐकलं आणि मान हलवली. आम्ही चाकूरच्या गाडीत बसलो.

तळं गावाबाहेर होतं. आम्ही पोचलो तेव्हा पाण्यावरून वाफ निघत होती, जणू तळ्याखाली कुणी चूल पेटवली असावी. प्रत्यक्षात त्यात हात घातला तर बोटं आखडत होती. पलीकडच्या काठाजवळ थर्माकोलच्या तराफ्यावर बसून एक माणूस जाळं सोडत होता. धुक्यात तराफा दिसत नव्हता, फक्त माणूस दिसत होता, पाण्यावर मांडी घालून सरकणारा. मुलगी त्याच्याकडं बघत राहिली.

"मामा, हे खरंच आहे ना?"

"म्या बी कधी कधी स्वतःला चिमटा काढून बघतो, माय," मेव्हणा म्हणाला. त्यानं बांधावर घोंगडी अंथरली, पिशवीतून तंगुसाच्या, म्हणजे नायलॉनच्या दोऱ्याची लाकडी फिरकी काढली आणि गळाला एक बारीक मासोळी लावून तो पाण्यात सोडला. मी विचारलं, "बूच लावत नाहीस का वर? तरंगत राहील, मासा लागला की कळेल."

"दाजी, तुम्ही पाण्याला शिकवू नका. थंडीत मरळ ओढत न्हाई, नुसती चाखून बघती. बूच हालत बी न्हाई. दोरा बोटाला गुंडाळायचा, बोटाला कळतं बरोबर." त्यानं दोऱ्याचा एक वेढा भाचीच्या बोटाला घातला. "एकच ठिव. मोठी लागली तर बोट घिऊन जाईल आन तुझी माय मला दुकानासकट विकंल."

ती हसली. अगदी थोडं, पण हसली.

"थंडीत ती करते काय मग, मामा?"

"तू करायलीस तेच. खाली चिखलात जाऊन बसती. खात न्हाई, बोलत न्हाई. पर मरळीला श्वास घ्यायला वर यावंच लागतं. बाकी माशांसारखं न्हाई तिचं." एवढं बोलून तो दुसरी फिरकी घेऊन बांधाच्या पार टोकाला जाऊन बसला. आम्हाला दोघांना ठेवून जायचं, हे त्यानं आधीच ठरवलेलं असणार.

आता बोलावं, असं मला वाटलं. भाषणाचा पहिला मुद्दा जिभेवर होता. पण ऊन वर आलं, पाठीला लागलं, वाफ विरळ होत गेली आणि तळं एकदम इतकं स्थिर झालं की बोललो तर त्याला तडा जाईल असं वाटावं. मागच्या शेतातून हरभऱ्याचा आंबूस वास येत होता. मुलीनं डोकं माझ्या खांद्याला टेकवलं. दोरा गुंडाळलेला हात माझ्या मांडीवर होता.

"पप्पा, डोळे मिटले आणि मासा लागला तर?"

"तू झोप. मी जागा आहे."

मी बोललो खरा, पण आवाज माझा नव्हता. तो माझ्या वडिलांचा होता.

त्र्याण्णव साली भूकंप झाला तेव्हा मी साधारण तिच्याच वयाचा होतो. आमचं गाव औशाच्या बाजूचं. आमच्या भिंती तडकल्या, पण माणसं वाचली. पलीकडची गावं राहिली नाहीत. त्यानंतर थंडी पडली तरी गावात कुणी छपराखाली झोपायला तयार नव्हतं. आम्ही खळ्यावर कडब्यावर अंथरुणं टाकायचो. जमीन मधूनच अंग झाडल्यासारखी हलायची. मी डोळे मिटायला घाबरायचो, तेव्हा वडील मेढीच्या खांबाला पाठ टेकून बसायचे आणि म्हणायचे, "तू झोप. म्या जागा हाय." भूकंप काही जाग्या माणसाला बघून थांबणार नव्हता, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. तरी त्या एका वाक्यावर मी झोपायचो. तो सबंध हिवाळा मी झोपलो आणि ते जागले. पुढं घर डागडुजी करून आत आलो, तरी त्यांची झोप काही परत आली नाही. ती मी घेतली, असं मला अजून वाटतं. आणि त्यांचं ते जागं राहणं माझ्यात उतरलं. बसमध्ये, परक्या घरात, कुठंच मला डोळा लागत नाही.

हे सगळं पाण्याकडं बघता बघता मनातून जात होतं, तेव्हा खांद्यावरचं डोकं जड झालं. तिचा श्वास लांबला. तोंड किंचित उघडलं होतं, लहानपणी उघडायचं तसं. मी हाललो नाही. अंगात मुंग्या आल्या, तरी हाललो नाही.

आणि मग दोरा सरकला.

आधी इतकाच, की वाटावं आपल्याला भास झाला. तिच्या बोटावरचा वेढा थोडा घट्ट झाला. मी हळूच तो काढला आणि माझ्या बोटात घेतला. दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी विचार करत होतं. मग त्यानं ठरवलं. असा हिसका बसला की दोरा कातडीत रुतला. ही मरळ होती, आणि मोठी होती. ती ओढायची तर ज्या खांद्यावर मुलगी झोपली होती, त्याच बाजूचा हात झटकून वर घ्यावा लागणार होता.

बांधाच्या टोकाला मेव्हणा उठून उभा राहिला. त्याला कसं कळलं कोण जाणे. "ओढा" म्हणून त्यानं हात उंचावला. ओरडायला तोंड उघडलं. मग त्याची नजर तिच्या डोक्यावर गेली आणि हात तसाच खाली आला.

मी बोट सरळ केलं. दोरा सुर्रकन सुटला, फिरकी दगडांवरून गडगडत गेली, पाण्यात पडली आणि थोडं अंतर तरंगत जाऊन दिसेनाशी झाली. तळं पुन्हा स्थिर झालं. ती झोपलेलीच होती.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा ती जागी झाली. गालावर माझ्या स्वेटरची वीण उमटली होती. तिनं आधी आपलं बोट पाहिलं.

"लागली का?"

"लागली होती. सोडून दिली."

"सोडून दिली? मला उठवायचं ना, पप्पा! मला बघायची होती!" ती खरोखर चिडली. कित्येक महिन्यांत ती कशावर चिडलीच नव्हती. तिचा लाल झालेला चेहरा मी बघत राहिलो.

"मरळ तर मरळ, माझी फिरकी बी दिली तिला आहेर म्हणून," मेव्हणा येत म्हणाला. "दाजी, तुम्हाला तळ्यावर आणणं म्हंजे दुकानात म्हैस सोडणं."

"मामा, भूक लागली," ती म्हणाली.

आम्ही भाकरी, ठेचा आणि शेतातून उपटून आणलेले हरभऱ्याचे ढाळे खाल्ले. ती दाणे सोलत होती आणि मधूनच पाण्याकडं बघत होती, फिरकी वर येते का म्हणून.

चाकूरच्या स्टँडवर आधी लातूरची गाडी लागली. कंडक्टर दारात उभा राहून "लातूर, लातूर" ओरडत होता. आता बोलायची माझी पाळी होती. भाषण आठवेना. ती माझ्याकडं बघत होती, मी गाडीकडं. दोघांपैकी कुणीच पाऊल उचललं नाही. दार लागलं, गाडी धूळ उडवत निघून गेली.

"टेस्ट बुडेल," ती म्हणाली.

"बुडू दे. घरी चल."

"परत यायचं का, ते?"

"ते आधी तू झोप पुरी कर, मग सांग. तू सांगशील तसं." हे मला वर्षभर आधी म्हणता आलं असतं.

नांदेडच्या गाडीत तिनं मला खिडकीची जागा दिली. माझ्या बोटावरचा लाल वळ तिनं अंगठ्यानं चोळून पाहिला. "दुखतंय का?" मी नाही म्हणालो. गाडी अहमदपूरच्या रस्त्याला लागली. बाहेर ज्वारीच्या शेतांवर ऊन पिवळं होत चाललं होतं.

"पप्पा," ती म्हणाली, "आता तुम्ही झोपा. मी जागी आहे."

मी नुसते डोळे मिटले, तिचं मन राखायला म्हणून.

लोह्याच्या स्टँडवर कुणीतरी पत्र्याचा डबा आदळला, तेव्हा मला जाग आली. बाजूला ती गाढ झोपली होती, डोकं मागं टाकून, तोंड उघडं. म्हणजे एवढ्या सगळ्या रस्त्यावर आम्हा दोघांसाठी कुणीच जागं नव्हतं. आणि काही झालं नव्हतं. गाडी पुन्हा सुरू झाली. मी तिची शाल सारखी केली आणि डोळे मिटून घेतले.