दोन पॉइंट सातचा पायथन

त्या वर्षी कपाशीच्या बोंडाबोंडात अळी होती. गावी गेलं की तोच विषय, तेच उतरलेले चेहरे. म्हणून मी आणि माझा दोस्त यवतमाळच्या भाड्याच्या खोलीतच पडून राहायचो. दोघंही कॉम्प्युटर शिकलेले, दोघंही रिकामे.

अशात नागपूरच्या एका कंपनीनं दोस्ताला परीक्षेला बोलावलं. नेटवर्कमध्ये कुठं भोक आहे ते शोधणारं त्यांचं सुरक्षा सॉफ्टवेअर होतं. त्याला जोडायचा एक छोटा प्रोग्रॅम, म्हणजे प्लगइन, घरून पायथन या संगणकभाषेत लिहून न्यायचा, त्यांच्या मशीनवर चालवून दाखवायचा. चालला तर नोकरी. त्याच्या घरचे सगळे डोळे लावून बसले होते.

प्लगइन त्यानं एकट्यानं लिहिला, झकास लिहिला. शहाणपण तेवढं माझं. त्याच्या लॅपटॉपवर पायथनची जुनी आवृत्ती होती, दोन पॉइंट सात. मी म्हटलं, "जुनं कायले ठेवतं बे? तीन टाक." आमच्याकडे मागच्या वर्षीची सरकी कोणी पेरत नाही, दरवर्षी नवं पाकीट. जुनं उगवत नाही, हे हाडात मुरलेलं. कोणता पायथन, त्याच्या जोडीला कोणती तयार मॉड्यूल्स, हे कंपनीच्या माहितीपुस्तिकेत पहिल्याच पानावर होतं. तो वाचायला बसला तर मी म्हटलं, "सोड ना, मी आहे ना!" डोंबलाचा मी!

त्या सॉफ्टवेअरच्या पोटात त्याचा स्वतःचा पायथन होता, तोच दोन पॉइंट सात. पेन ड्राइव्हवर नेलेली मॉड्यूल्स सगळी तीनसाठीची. एकही चाललं नाही. परीक्षेच्या मशीनला इंटरनेट नव्हतं, दुसरी उतरवणार कुठून? अर्ध्या तासात त्याला बाहेर काढलं.

एसटी स्टँडवरून त्याचा फोन आला. शिव्या खायच्या तयारीनंच मी उचलला.

"लिहून घे," तो म्हणाला. "दोन पॉइंट सात. मॉड्यूल्सबी जुनीच घे. सोमवारी याच कंपनीत अजून एका जागेची परीक्षा हाये. मले पुन्हा बसू देत नाही. तू जा."

"अन् लिहू काय चार दिवसांत?"

"माहाच प्लगइन घेऊन जा. चालते तो."

लाज वाटली. खूप वाटली. तरी गेलो. जुन्या पायथनसाठी चार ओळी बदलल्या, वर त्याचं नाव होतं तिथं माझं टाकलं. पहिल्याच झटक्यात चालला. साहेब म्हणाले, "काम फार स्वच्छ आहे तुमचं."

मी म्हणालो, "थँक्यू, सर."