शिट्टीचा उजवा हात

मांडीताई हे नाव त्यांना बालगृहातल्या पोरांनी ठेवलं. कुणाच्याही घरी गेल्या की त्या खुर्ची नाकारायच्या आणि मुलाशेजारी फरशीवर मांडी ठोकून बसायच्या. मूल जिथून घर बघतं तिथून आपणही बघायचं, एवढंच त्यांचं शास्त्र. विमा कंपनीतली बरी नोकरी सोडून त्या या कामात पडल्या तेव्हा आईने कपाळावर हात मारला होता. पुढे शिकून, परीक्षा देऊन त्या बालगृहात मुलं नेणाऱ्या कुटुंबांचं काम बघू लागल्या, केस पिकले, तरी आईचं पालुपद तेच: "लोकांची घरं तपासत हिंडतेस, आपल्या घरातली जळमटं कोण तपासणार?"

"तूच तपास. तुझी नजर माझ्याहून तिखट आहे," म्हणून ताई चपला घालायच्या.

त्या दिवशी भर दुपारी त्या निघाल्या होत्या घड्याळवाल्यांकडे. घड्याळं दुरुस्त करणारा हा अबोल माणूस आणि त्याची बायको. त्यांची एकुलती एक लेक, बबी, छातीच्या दुखण्याने गेली होती. पुढे त्यांनी बालगृहातली एक मुलगी सांभाळायला नेली. तिला सगळे शिट्टी म्हणत, कारण ती दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारायची की रस्त्यावरच्या टॅक्सीवाल्याने ब्रेक दाबावा. आता तिच्या दत्तकाचा निर्णय व्हायचा होता आणि ताईंच्या शब्दावर तो ठरणार होता.

"यात बघायचंय काय?" बालगृहाचे साहेब वैतागले होते. "पोरगी किती शांत झालीय! तुम्ही म्हणजे गुळगुळीत भिंतीतही खिळा शोधाल."

"शांत झाली म्हणूनच बघते, साहेब."

घड्याळवाल्याच्या बायकोने हसतमुखाने दार उघडलं. घर आरशासारखं लख्ख. आतल्या खोलीत शिट्टी चित्र काढत बसली होती. उकाड्याने जीव नकोसा झालेला, आणि पोरीच्या अंगात गळ्यापर्यंत बटणं लावलेला लोकरी स्वेटर. ताईंनी फरशीवर बैठक मारली आणि मान वर केली. समोर भिंतीवर बबीचा फोटो. तोच स्वेटर. त्याच दोन वेण्या, भांगसुद्धा त्याच बाजूला.

मग त्यांचं लक्ष कागदाकडे गेलं. शिट्टी डाव्या हाताने रंगवत होती. रेघा थरथरत होत्या.

"तू डावखुरी कधी झालीस गं?"

"आमची बबी पहिल्यापासून डावखुरीच आहे," बायको दारातून म्हणाली. बाहेर ऊन आहे म्हणावं, तितक्या सहज.

शिट्टी खोकली. कोरडा, जपून काढलेला खोकला.

"डॉक्टरांना दाखवलंत, वहिनी?"

"छाती स्वच्छ आहे म्हणतात. त्यांचं काय ऐकायचं? मागेही असंच म्हणाले होते."

ताईंनी खोडरबर उचललं आणि काही न सांगता शिट्टीकडे भिरकावलं. पोरीने ते उजव्या हाताने टिपलं, अगदी झटकन. मग त्या हाताकडे तिने दुसऱ्या कुणाचा असावा तसं पाहिलं आणि तो मांडीखाली दडवला.

घड्याळवाले जेवायला घरी आले, तशी बायको वाढायला आत गेली. शिट्टी सरकत सरकत ताईंच्या कानाशी आली.

"ताई, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"मी कधी रागावले गं तुझ्यावर?"

"बबी नऊ वर्षांची झाली आणि मग गेली ना? मला पुढच्या महिन्यात नववं पूर्ण होईल. तेव्हा मी जायचं का?"

"कुठे जायचं?"

"ते मला नाही माहीत. आईला माहीत असेल." तिने कपाटाकडे बोट केलं. "बबीला जाताना घातलेला ना, तसाच फ्रॉक तिने शिवून ठेवलाय. माझ्या मापाचा."

ताई उठल्या. कपाटात पांढरा फ्रॉक टांगलेला होता. कडक इस्त्रीचा, एकदाही न वापरलेला. त्यांनी दार हळूच लावलं आणि पोरीचा हात धरून स्वयंपाकघरात गेल्या.

"वहिनी, हिला एकदा हिच्या नावाने हाक मारा."

"मारतेच की. बबी..."

"हिच्या नावाने."

बाईंनी तोंड उघडलं. त्यांची नजर शिट्टीच्या खांद्यावरून मागे, रिकाम्या दाराकडे गेली.

"हिचं म्हणजे कुणाचं?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

घड्याळवाल्यांनी ताट बाजूला सारलं. "मला वाटलं, होईल हळूहळू ठीक. पण खरं सांगू का, ताई? परवा मीही हिला बबीच म्हणालो. आणि फार बरं वाटलं हो."

त्या घरात कुणी पोरीवर हात उगारला नव्हता की तिला उपाशी ठेवलं नव्हतं. साहेबांना काय सांगायचं ते ताई बघून घेणार होत्या. या बाईसाठीही पुन्हा इथे यावं लागणार होतं, एकदा नाही, कितीदा तरी. तेही त्यांचंच काम. पण पोरीला इथे आणखी एक रात्र ठेवायची नाही, एवढं त्यांनी ठरवलं.

"हिच्या चपला कुठे आहेत?"

घड्याळवाल्यांनी मुकाट्याने चपला आणून ठेवल्या. बायकोने आडकाठी केली नाही. फक्त म्हणाली, "स्वेटर काढू देऊ नका हं, बाधतं तिला."

दोघी जिना उतरून रस्त्यावर आल्या आणि वरच्या खिडकीतून हाक आली. "बबीऽऽ!"

शिट्टीचं पाऊल जागीच थांबलं. "आई बोलावतेय. ओ देऊ?"

"तुला बोलावतेय असं वाटतं तुला?"

पोरीने मान वर करून खिडकीकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली, आणि त्या घरात राहायला गेल्यापासून पहिल्यांदाच हमसून हमसून रडायला लागली.

ताईंनी तिला जवळ घेतलं आणि तशाच चालू लागल्या. मागून हाका येतच होत्या. न चिडता, न चढता, खेळणाऱ्या पोरीला जेवायला बोलवावं तशा.