चालण्याच्या शर्यतीतली राजलक्ष्मी

राजलक्ष्मी ही जोतीराम माथाडीची थोरली. बाप मार्केटात कांद्याची पोती वाहायचा. घर कोपरखैरण्यात, बोनकोडे गावाला लागून. पोरीचे मार्क बेताचे, हट्ट मात्र मोठा, बारावीनंतर ठाण्याच्या मोठ्या कॉलेजातच जायचं. साल शहाण्णव. खेळाच्या कोट्याशिवाय तिथं तिला कोण उभं करणार?

खेळाच्या रणजीतसरांनी तोड काढली. "कबड्डीला पोरींची जत्रा आहे. खो-खोत तू बसल्या जागी बाद. चालण्याची शर्यत घे. विभागात तिघीच आहात. पहिल्या दोघींत आलीस की सर्टिफिकेट, म्हणजे ॲडमिशन झालीच."

"चालायचं? आन् ह्याला खेळ म्हणत्यात?" आजी वेणूबाई हसून बेजार. "मग तुझ्या बापाला पदक द्या की!"

खाडीच्या बाजूला नवा रस्ता झाला होता. खांब होते, दिवे नव्हते. कडेच्या बिल्डिंगी रिकाम्या, खिडक्यांच्या जागी नुसती भोकं. उजाडताना राजलक्ष्मी तिथं चालायची. एका सकाळी मागनं पावलं आली. मध्येच काठी टेकल्याचा आवाज. ती थांबली, पावलंही थांबली. वळून बघते तर रस्ता मोकळा, नि खाडीवरचं धुकं.

बोनकोड्याची बाळाबाई दारावर सुकट विकायला यायची. हे ऐकून तिनं टोपली खाली ठेवली. "अगो, तो आमचा राखनदार हाय. गावाची येस फिरतो. त्याला मागं ठेवायचं नाय. बाजूला व्हायचं, हात जोडायचे, त्याला पुढं जाऊ द्यायचं."

"आमच्याकडं भैरोबाचं घोडं फिरतं, तसंच की," वेणूबाई म्हणाल्या. देवांची ओळख पटायला त्यांना वेळ लागत नसे.

मग रोज तसंच. पावलं आली की राजलक्ष्मी कडेला उभी. अंगावरून गार झुळूक जायची, पावलं पुढं निघायची आणि ती त्यांना गाठायला मागं. भीती गेली नाही, पण चाल अशी सुधारली की सरांनी घड्याळ हलवून बघितलं.

निवडीची शर्यत त्याच रस्त्यावर झाली. पनवेलची समरा सुरुवातीलाच पुढं गेली, ती काही हाती लागणार नव्हती. राजलक्ष्मी दुसरी, आणि कामोठ्याची मीना तिच्या खांद्याला लागलेली. शेवटचं वळण दिसलं आणि मागं काठी टेकली.

भर उन्हात! माणसं ओरडत होती, तिच्या कानात मात्र तेवढीच पावलं. बाजूला व्हावं तर मीना पुढं, कॉलेज गेलं. तिनं मनातल्या मनात हात जोडले. "आजच्या दिवस मागं राहा, बाबा." आणि चालत राहिली.

दुसरी आली. ॲडमिशन झाली.

पावसाळ्यात बाळाबाई आली ती उंबऱ्याबाहेरच थांबली. "पोरी, गावात कुत्री रातभर रडतान. येशीवर आता कुनी फिरत नाय. तू त्याला मागं राहा बोललीस ना?"

"एका दिवसापुरतंच," राजलक्ष्मी म्हणाली. कॉलेजच्या जिन्यावर तिच्या मागं एक पायरी सोडून काठी वाजायची. ती कडेला व्हायची, हात जोडायची. मैत्रिणी हसायच्या, "कुणाला वाट देतेस गं?" पावलं पुढं जात नव्हती. एकदा सांगितलेलं त्यानं ऐकलं होतं.

संध्याकाळी ती घरात आली तरी वेणूबाई दार लगेच लावत नसत. पदर सावरून रिकाम्या उंबऱ्याकडं बघत म्हणत, "या, आत या. पण परत बोनकोड्याच्या येशीवर कवा जायचं म्हणता?"