बाबांची पहिली चाल

मंडळी, आज दुपारी मी आयुष्यात पहिल्यांदा बुद्धिबळ खेळले.

बाबांना जाऊन महिना झाला. त्यांचे दोस्त सलीमचाचा अजूनही रोज चारला मोताळ्याच्या आमच्या ओट्यावर येतात, चहा घेतात, गुंडाळलेल्या पटाकडे बघतात आणि उठतात. तेही यायचे बंद होतील या भीतीनं मी आठ दिवस मोबाईलवर बघून इटालियन ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली, पाठ केली.

आज पट मांडला. राजापुढचं प्यादं ऐटीत दोन घरं पुढे टाकलं.

चाचांनी ते बोटानं एक घर मागे घेतलं. "बेटा, आमच्या खेळात प्यादं एकच घर चालते. तुहा बाप बी असाच खेळे."

आठ दिवसांचं पाठांतर संपलं. वाईटही वाटलं नाही. हल्ली कशाचंच काही वाटत नाही.

"मंग सुरुवात कशी करू?"

चाचांनी माझ्या बाजूची प्यादी, मग घोडा, मग उंट सरकवला. "पयले हे, मंग हे. तीस वर्षं त्यानं हेच केलं. मले पाठ हाय."

तीस वर्षं ते आमच्याच ओट्यावर खेळले. मी चहा ठेवून आत जायचे.

मंडळी, घरच्यांचा खेळ बघायला तुम्ही थांबता का?